नऊपैकी चार

३ फेब्रुवारी

भोंगा,

या नावाने हाक मारायचा हक्क मी चौदा वर्षांपूर्वी घालवला, असं तुझं म्हणणं असेल. असू दे. तू दीड महिन्याची होतीस तेव्हा मी हे नाव ठेवलं, कारण तू रडायला लागलीस की खालच्या मजल्यावरचे लोक माना वर करून बघायचे. ठेवलेलं नाव मी परत घेत नाही.

आधीच सांगतो, हे माफीचं पत्र नाही. कामाचं आहे. माझं पुस्तक निघतंय. एकतीस वर्षं दर गुरुवारी दुपारी चारच्या आत तीनशे शब्द दिले, त्यातलेच निवडक लेख आमचं वर्तमानपत्र छापतंय. निवड संपादकबाईंची. माझ्याच हाताखाली मथळे लावायला शिकली, आता माझ्या मथळ्यांवर लाल रेघा मारते. पुस्तकाचं नावही तिनेच काढलं. ‘घरी जायची घाई’.

हे शब्द तुझ्या ओळखीचे असतील. तुझ्या पहिल्या आणि एकुलत्या सीडीचं मी जे परीक्षण लिहिलं, त्यातलेच आहेत. ‘पहिलंच गाणं ओळीच्या मध्ये थांबतं. गायिकेला बहुधा घरी जायची घाई होती.’ लोकांना ते वाक्य अजून पाठ आहे. गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घातलेला असताना ते म्हणून दाखवलं, आणि मला धड हसताही येईना.

तुला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहितोय. परवानगी मागत नाहीये. काल ते परीक्षण मी पुन्हा वाचलं. भाषा अजूनही चांगली आहे. मामाने भाचीची पाठ थोपटली असती तर लोकांनी दोघांनाही नावं ठेवली असती. मी तुझ्याकडे परक्या माणसासारखं बघितलं, सीडी नीट ऐकली आणि जे वाटलं ते लिहिलं. त्याबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही. त्यानंतर कंपनीने तुझी दुसरी सीडी काढली नाही, हा कंपनीचा भित्रेपणा. तू गाणं सोडून चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायला लागलीस, तो तुझा हट्ट. दोन्हीची पावती माझ्या नावावर फाडू नकोस.

मामीने विचारलंय, तब्येत कशी आहे. तिने विचारलंय, मी नाही.

मामा

ता.क. पुस्तकासाठी कपाट उपसताना तू पाठवलेलं पाकीट सापडलं. परीक्षण छापून आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलेलं. चिकटपट्टी अजून तशीच आहे. आत काय असणार ते मला माहीत होतं, म्हणून उघडलं नाही.


११ फेब्रुवारी

भोंगा,

पाकीट मामीने उघडलं. मी पेपर वाचत होतो. ती कात्री घेऊन आली आणि म्हणाली, “चौदा वर्षं गळू जपावं तसं जपलंत. आता मी फोडते.” माझ्या उत्तराची वाट तिने बघितली नाही. तीस-पस्तीस वर्षांत कधी बघितलीय?

आत चिठ्ठी होती. ‘मामा, पहिल्यापासून ऐक.’ एवढीच. मला वाटलं होतं शिव्या असतील. म्हणजे परीक्षण वाचायच्या आधी तू हे पोस्टात टाकलं होतंस, हे मला काल कळलं.

मामीने माझा जुना प्लेअर पुसून काढला, सीडी घातली आणि समोर खुर्ची टाकून बसली, शाळेत परीक्षेला मास्तर बसतात तशी. मी म्हटलं, मला माहीत आहे, पहिलं गाणं ‘अर्धी खिडकी’, ते मध्येच तुटतं. तेवढ्यात आवाज आला. टक, टक, टक. तीनदा. मग पाणी.

मामी माझ्याकडे बघायला लागली. तिला कळायला अर्धा क्षणही लागला नाही. दाढी करताना रेझर बेसिनच्या कडेवर तीनदा आपटायची माझी सवय. लग्न झाल्यापासून ती त्यावरून माझ्याशी भांडतेय, बेसिनचा टवका उडालाय म्हणून. तो आवाज तू कधी, कुठे उभी राहून टिपून घेतलास, मला पत्ता नाही. आणि त्यावर तुझा आवाज, ‘आले, मांड हजेरी.’

ताई हॉस्पिटलातल्या रात्रपाळीहून यायची, तुला आमच्याकडे सोडायची आणि झोपायला जायची. तू नऊ वर्षांची. शाळेच्या आधी तुला गप्प कसं बसवायचं म्हणून मी तो खेळ काढला. मी दाढी करेपर्यंत तू एक ओळ रचायची, कुणाची ऐकलेली नाही, स्वतःची, आणि ती दारात उभी राहून गायची. जमली तर मी जुन्या वहीत तुझ्यापुढे ‘ह’ लिहायचो, नाहीतर ‘गै’. सहा वर्षं चाललं ते. मी ते खेळ म्हणून विसरलो होतो. तू त्याचं गाणं केलंस आणि सीडीच्या अगदी तोंडाशी ठेवलंस.

आता हे बघ. परीक्षणासाठी कंपनीकडून मला आलेली सीडी निराळी होती. कोरी, कागदी पाकिटातली, सोबत टाइप केलेली यादी. यादी माझ्या फायलीत अजून टाचणीने लावलेली आहे. अर्धी खिडकी, ओला टॉवेल, किल्ली, गच्ची, जिना, पत्ता, रफू, वळण, हजेरी. बाराखडी. कंपनीतल्या कुणा कारकुनाने आपल्या रजिस्टरशी जुळावी म्हणून गाणी अकारविल्हे लावली आणि त्याच क्रमाने सीडी भरून गावभरच्या परीक्षकांना पाठवली. माझ्या जुन्या सहकाऱ्याकडे चौकशी केली, त्याच्याकडेही तशीच आली होती. त्याने तर परीक्षणच लिहिलं नाही, तो सुटला.

तुझा क्रम वेगळा आहे. तो एक अख्खा दिवस आहे. सकाळची हजेरी, मग जिना उतरणं, किल्ली विसरली म्हणून परत चढणं, आईचा ओला टॉवेल खुर्चीवर, दुपारी रफू, पत्ता शोधणं, गच्ची, वळण, आणि दिवेलागणीला खाली रस्त्यावर उभं राहून वरच्या अर्ध्या उघड्या खिडकीकडे बघणं. आणि मी काय लिहिलं होतं? ‘आधी संध्याकाळ, मग आंघोळ, मग किल्ली. या मुलीचा दिवस कुणीतरी पिशवीतून ओतलाय.’ ओतला होता खरंच. तू नाही.

‘रफू’मध्ये तू दोन कडव्यांच्या मध्ये श्वास घेतेस तो ऐकू येतो. माझ्या काळातल्या कुठल्याही रेकॉर्डिस्टने तो कापून टाकला असता. तू ठेवलास, आणि पुढची ओळ त्या श्वासावरच उभी आहे. सुई अडकते तिथे तू सूरही अडकू देतेस. बाविसाव्या वर्षी हे कुणी शिकवलं तुला? मी नाही. मी तर तुला सुरावर पाय घट्ट रोव म्हणून सांगायचो. ‘जिना’त पायऱ्या मोजल्याच नाहीयेत, पण ठेका ऐकला की कळतं की ही मुलगी उतरताना एक पायरी गाळते. आपल्या जिन्यातली सातवी. ती सैल होती.

आणि ‘अर्धी खिडकी’. ‘दिवा मालवू नको, मी’ आणि गप्प. मामीने सीडी पुन्हा सुरू केली. टक, टक, टक. ‘आले, मांड हजेरी.’

शेवटच्या गाण्यातली तुटलेली ओळ पहिल्या गाण्यात येऊन पुरी होते. मला रागच आला. त्या कारकुनाचा, कंपनीचा. तुझासुद्धा. एक फोन करून सांगता आलं नसतं, की मामा, क्रम चुकलाय?

मामा


२२ फेब्रुवारी

भोंगा,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नाहीये, नोंद करतोय.

संपादकबाईंकडे गेलो होतो. नवं ऑफिस काचेचं आहे, कोण कुणावर ओरडतंय ते सगळ्यांना दिसतं, फक्त ऐकू येत नाही. मी तिला सांगितलं की पुस्तकाचं नाव बदल, तो लेख काढ आणि गुरुवारच्या पानावर मला तीनशे शब्द दे, त्या सीडीवर मी नव्याने लिहितो. तिने मला पाणी दिलं. समोरचा माणूस हट्टाला पेटला की आधी पाणी द्यायचं, हे मीच शिकवलेलं.

तिचं म्हणणं असं की चौदा वर्षं जुन्या सीडीचं परीक्षण आज कोण वाचणार. कंपनी बंद पडली, सीडी बाजारात नाही, गाणारीचं नाव कुणाला आठवत नाही. मी म्हटलं, नाव आठवत नाही ते माझ्यामुळे. ती म्हणाली, सर, स्वतःला एवढं मोठं समजू नका. बोलणं बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं.

मग मी म्हटलं, निदान दुरुस्तीच्या चौकटीत चार ओळी छाप. तुला ठाऊक आहे ना, दुसऱ्या पानावर खाली कोपऱ्यात ती चौकट असते. अमक्याचं आडनाव चुकलं, तमक्या सभेची तारीख चुकली. बाईंनी नियम ऐकवला. चौकटीत फक्त तथ्यांच्या चुका येतात. नाव, तारीख, आकडा. मत चुकलं तर त्याची दुरुस्ती नसते. आणि सीडीतला क्रम चुकला तो कंपनीने, आपण नाही. “तुमच्याकडे जे आलं ते तुम्ही ऐकलंत आणि लिहिलंत. यात आपली चूक कुठली, सर?”

हा नियमही मीच घालून दिलेला. एका नटाने आपल्या नाटकावरचं परीक्षण दुरुस्त करा म्हणून धरणं धरलं होतं, तेव्हा.

म्हटलं, मग पुस्तक मागे घेतो. तिने मुखपृष्ठ माझ्यापुढे ठेवलं. एक मुलगी पाठमोरी, हातात गिटार, पळत निघालीय. छान चित्र आहे. मी ते उलटं करून ठेवलं आणि उठलो. ती पाठीमागून म्हणाली की अडुसष्टाव्या वर्षी पहिलं पुस्तक निघतंय, त्यावर पाणी सोडू नका, दुसरं कुणी काढणार नाही.

काढू नका.

मामीने ही सगळी हकीकत तुला फोनवर सांगितली असणार. तुमचं महिन्यातून दोनदा बोलणं होतं हे मला दहा वर्षं माहीत आहे. ती गॅलरीत जाऊन बोलते आणि परत आल्यावर उगाच भांडी घासते.

मामा


५ मार्च

भोंगा,

तुझं पोस्टकार्ड आलं. माझ्या तीन पत्रांना मिळून एक ओळ. ‘मामा, गाणी नऊ होती. तू किती ऐकली होतीस?’

पोस्टकार्डावर लिहिलंस, म्हणजे मामीनेही वाचावं अशी सोय केलीस. तिने वाचलं. जेवताना ते तिने पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलं. दोन दिवस ते तिथेच होतं. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं. आता तुला सांगतो.

चार.

आमच्या धंद्यातली ही गोष्ट कुणी बाहेर बोलत नाही. गुरुवारी चारला लेख द्यायचा असतो, टेबलावर आठ सीड्या पडलेल्या असतात. पहिली चार गाणी ऐकायची आणि सगळ्यांवर मिळून लिहायचं. भाताचं एक शीत चेपून बघतात, तसंच हे, असं आम्ही स्वतःला समजावायचो. पण भात एकाच पातेल्यातला असतो. तुझी चार गाणी बाराखडीतली पहिली चार होती. ‘हजेरी’ सगळ्यात तळाला.

क्रम चुकला तो कारकुनाने. पण नऊच्या नऊ ऐकली असती तर मी कुठल्याही क्रमात तो बेसिनचा आवाज ओळखला असता. त्या कारकुनाच्या आड मी गेला महिनाभर लपलो होतो. तू एका ओळीत बाहेर ओढलंस.

अजून एक आहे, तेही लिहून टाकतो, नाहीतर तू पुन्हा पोस्टकार्ड पाठवशील. दुसऱ्या कुणाची सीडी असती तर घाई होती म्हणालो असतो. तुझ्या वेळी मी दुपारी दोनलाच मोकळा होतो. पाचवं गाणं लावायला हात गेला आणि मी मशीन बंद केलं. तू स्टुडिओत जाऊन आलीस, गाणी भरलीस, आणि मला कंपनीच्या पाकिटातून कळलं. एकविसाव्या वर्षी तू विचारलं होतंस, मामा, आता रेकॉर्ड करू का, आणि मी म्हणालो होतो, अजून दोन वर्षं थांब. तू थांबली नाहीस. चार गाण्यांत मला तुझा जो आवाज ऐकू आला, तो मी शिकवलेला नव्हता. मी दुखावलो होतो आणि माझ्या हातात तीनशे शब्द होते.

‘ही गायिका ज्यांच्या खांद्यावर उभी आहे, त्यांची तिला आठवणही नाही.’ हे शेवटचं वाक्य. तुझ्या पहिल्या गाण्यात माझी अख्खी न्हाणी आहे, आणि मी छापून काय आणलं तर हे. तू मला फोन का नाही केलास, हे आधीच्या एका पत्रात मी विचारलं होतं. तो प्रश्न मागे घेतो. नाव सोडून बाकी गोष्टी घेता येतात मागे.

ताई गेली त्या दिवशी तू खोलीच्या एका टोकाला होतीस आणि मी दुसऱ्या. तिने शेवटपर्यंत मला एकदाही बोल लावला नाही. फक्त एकदा म्हणाली होती, “तू ऐकलंयस ना रे सगळं?” मी हो म्हणालो. माझ्या बहिणीशी मी बोललेलं हे एकच खोटं नाही, पण एवढंच टोचतं.

मामा


१९ मार्च

भोंगा,

तू मामीला फोनवर सांगितलंस, की मामाला म्हणावं माझ्यापायी पुस्तक बुडवू नकोस, मला काही दुरुस्ती-बिरुस्ती नको, माझं बरं चाललंय, दर शुक्रवारी ग्रंथालयामागच्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसांपुढे गाते, तेवढं पुरे. निरोप मिळाला. तू नको म्हणालीस. पण तुला विचारलंय कुणी? वाईट लिहिताना विचारलं नव्हतं, आता कशाला विचारू?

सोमवारी पुन्हा त्या काचेच्या ऑफिसात गेलो. बाई म्हणाली, “सर, मत छापणार नाही.” मी म्हटलं, मत नाही, आकडा आणलाय. आणि कागद पुढे ठेवला.

तिने वाचला. मग उठून दार लावून घेतलं, काचेचंच असलं तरी.

“हे छापलं तर पुस्तक कोण घेईल?”

“कुणीच नाही.”

“आणि बाकीच्या लेखांचं काय? त्यांतही चारच गाणी?”

“बहुतेकांत. काहींत तीन.”

“सर, मीसुद्धा तुमच्याकडूनच शिकलेय.” हे ती अगदी हळू म्हणाली. मी म्हटलं, मग आजपासून पाचवं ऐकायला लाग. तिने मला या वेळी पाणी दिलं नाही. कागद ठेवून घेतला.

काल छापून आलं. कात्रण सोबत आहे, पण पोस्टात हरवलं तर म्हणून उतरवून देतो.

‘दुरुस्ती. चौदा वर्षांपूर्वी या वर्तमानपत्रात “तिसऱ्या मजल्यावरून” या सीडीचं परीक्षण प्रसिद्ध झालं होतं. सीडीत नऊ गाणी आहेत. परीक्षकाने चार ऐकली होती. चूक परीक्षकाची आहे.’

खाली माझं नाव. पुढे मी एक वाक्य लिहिलं होतं, की उरलेली पाच आता ऐकली आणि त्यांतली तीन मला लिहिता आली असती तर मी परीक्षणं लिहिली नसती. ते बाईने कापलं. मत आहे म्हणाली. नियम तो नियम. वरच्या बाजूला जलवाहिनीच्या दुरुस्तीची तारीख चुकल्याची दुरुस्ती आहे, खालच्या बाजूला कुणाच्यातरी निवृत्तीच्या फोटोत दुसऱ्याचंच नाव पडल्याची. मध्ये मी. अख्ख्या एकतीस वर्षांत मला एवढी चांगली जागा कधी मिळाली नव्हती.

पुस्तक रद्द झालं. पाठमोरी मुलगी कुठेतरी दुसऱ्या मुखपृष्ठावर पळेल. आज सकाळपासून तीन फोन आले. एक जुना सहकारी, त्याने मला गद्दार म्हटलं. दातांचे डॉक्टर, त्यांनी विचारलं की ती सीडी कुठे मिळेल. तिसरा कोण होता कळलं नाही, तो नुसताच हसला आणि त्याने फोन ठेवला. मी तिघांशीही बरा वागलो. मामी म्हणते, तुमचा चेहरा परीक्षेत नापास होऊन खूश झालेल्या पोरासारखा दिसतोय.

तू माफ करावंस म्हणून हे केलेलं नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, आणि तुझ्यावर ते ओझं टाकायचा मला अधिकार नाही. मला फक्त आकडा बरोबर करायचा होता. झाला.

आता एक शेवटचं. हजेरीची वही सापडली. त्याच कपाटात, त्याच पाकिटाच्या खाली होती. शेवटचं पान तू पंधरा वर्षांची असतानाचं आहे. त्यानंतर तू दारात यायची बंद झालीस आणि मी काही लिहिलं नाही, ‘गै’सुद्धा नाही. नुसत्या तारखा आखून ठेवलेल्या आहेत, सहा महिन्यांच्या.

मी अजून सकाळी सातला दाढी करतो. मामीचा फोन बेसिनवरच्या फळीवर ठेवत जाईन, आरशाला टेकवून. तू फोन करून गायलीस तर एक ओळ. नाही गायलीस तर त्या तारखेपुढे मी ‘गै’ लिहीन आणि दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा उभा राहीन. तू हट्टी आहेस हे मला ठाऊक आहे. तो हट्ट कुणाकडून आला ते तुलाही ठाऊक आहे.

ओळ स्वतःची हवी. कुणाची ऐकलेली चालणार नाही. आणि या वेळी मी पुरी ऐकेन.

मामा